वेंडेल प्लकची बायको जिवंत आहे

ज्या आठ कादंबऱ्यांवरून ती गाजलेली गुन्हेगारी मालिका निघाली, त्या आठही कादंबऱ्या मी मालिका सुरू व्हायच्या महिनाभर आधी लायब्ररीतून काढून टाकल्या. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. मी पूर्ण शुद्धीत होतो, सकाळचा चहा झालेला होता, आणि आपण फार चांगलं काम करतोय असं मला मनापासून वाटत होतं.

न्यू जर्सीत पार्सिपनीजवळ एक लहानसं गाव आहे. तिथल्या सार्वजनिक लायब्ररीत मी सोळा वर्षं नोकरी केली आणि मागच्या जूनमध्ये निवृत्त झालो. त्याआधी मीही इथल्या चारचौघांसारखा कॉम्प्युटरवालाच होतो. एके दिवशी कंपनीने आम्हा सगळ्यांना एका खोलीत बोलावलं आणि टेबल आवरायला खोके देऊन कायमचं घरी पाठवलं. बायको, नीला, म्हणाली, "नाहीतरी तू ऑफिसात कादंबऱ्याच वाचायचास. आता तेच काम धर." मी धरलं. संध्याकाळचे क्लास करून रीतसर ग्रंथपाल झालो. मंडळाच्या गणपतीत लोक मात्र पुढची पाच वर्षं मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारत होते, "काय दामले, अजून जॉबचं काही जमत नाही का?"

ग्रंथपाल दिवसभर पुस्तकं वाचतो, हा एक मोठा गैरसमज आहे. ग्रंथपाल दिवसभर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढतो, बाथरूम कुठे आहे ते सांगतो, आणि "निळ्या कव्हरचं होतं, लेखिकेचं नाव आठवत नाही" या माहितीवर पुस्तक शोधून देतो. वाचायला वेळ मिळत नाही. तरी पुस्तकांबद्दल अधिकारवाणीने बोलावं लागतं, आणि त्याचं एक तंत्र असतं. मागचं कव्हर वाचायचं, दोन परीक्षणं चाळायची, आणि "शेवटाकडे जाताना जरा सैल होतं" एवढं म्हणायचं. हे वाक्य जगातल्या कुठल्याही कादंबरीला चालतं. सोळा वर्षांत मी ते किती वेळा वापरलं असेल, देव जाणे.

आता ती पुस्तकं काढून टाकण्याबद्दल. लायब्ररीत नवी पुस्तकं येत राहतात आणि भिंती काही मागे सरकत नाहीत. म्हणून अधूनमधून जुनी काढावी लागतात. आमच्या धंद्यात त्याला वीडिंग म्हणतात, म्हणजे शेतातली खुरपणी. कॉम्प्युटर एक यादी छापून देतो: ही पुस्तकं इतक्या वर्षांत एकदाही कोणी घरी नेलेली नाहीत. यादी हातात घेऊन कपाटापाशी जायचं, प्रत्येक पुस्तक उतरवायचं, पानं झटकून आत कोणाची चिठ्ठीचपाटी राहिली नाही ना ते बघायचं, मग विक्रीच्या खोक्यात टाकायचं. पानं झटकणं हा नियमच आहे. नव्या माणसाला मी तो पहिल्याच दिवशी शिकवायचो.

त्या यादीत शेरीफ वेंडेल प्लकच्या आठही कादंबऱ्या होत्या. मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं एक कोळ्यांचं गाव आणि तिथला हा शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख. लेखिका केव्हाच वारलेली. जाडजूड, कापडी बांधणीची पुस्तकं. सात वर्षांत एकही घरी गेलेलं नव्हतं. मी आठही उतरवली आणि एकाचंही पान झटकलं नाही, कारण सात वर्षांत ज्याला कोणी हात लावला नाही त्यात चिठ्ठी कुठून येणार? सहा खोक्यात गेली. सातवं आणि आठवं नेमकं सारख्या जाडीचं होतं. घरी नवा टीव्ही आणला होता, तो स्टँडवर फार खाली दिसायचा आणि खाली वाकून बघून नीलाची मान धरायची. ती दोन मी घरी नेली आणि टीव्हीच्या दोन पायांखाली सरकवली. अगदी मापात बसली. नीलासुद्धा म्हणाली, "चला, लायब्ररीचा काहीतरी उपयोग झाला."

महिन्याभरात मालिका सुरू झाली आणि फोन वाजायला लागले. दर शुक्रवारी एक भाग, एकूण दहा. दुसऱ्या भागानंतर गावातला प्रत्येक निवृत्त माणूस काउंटरवर येऊन प्लकची पुस्तकं मागू लागला. आमच्याकडे नाहीत, तर आजूबाजूच्या लायब्रऱ्यांतून मागवून द्या. तिथेही नंबर लावलेल्या लोकांची ही मोठी रांग. आमची डायरेक्टर बार्बरा माझ्या टेबलापाशी आली.

"आपल्याकडे तर पूर्ण संच होता ना? मी स्वतः बघितला होता."

"होता," मी म्हणालो.

"मग?"

"यादीत आला होता."

बार्बरा फार सभ्य बाई. ओरडत नाही. फक्त चष्मा काढून पुसते. तिने तो बराच वेळ पुसला. मग म्हणाली, "जानेवारीत शेवटचा भाग आहे. त्याच्या आधीच्या मंगळवारी आपण चर्चा ठेवू. मालिका आणि कादंबऱ्या, दोन्हींची तुलना. तू घे."

"पण पुस्तकं..."

"तू घे," बार्बरा म्हणाली आणि चष्मा लावला.

पुस्तकं मिळण्यासारखी नव्हती, निदान माझ्या डोक्यात तरी तसंच होतं. मी मालिका मात्र भक्तिभावाने बघितली. तिच्यातला प्लक म्हणजे उंच, सडपातळ, दाढी वाढलेला, व्हिस्की पिणारा माणूस. पहिल्या भागाच्या पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या बायकोचा, एडाचा, खून होतो आणि पुढे तो प्रत्येक खुनी तिच्याच आठवणीत पकडतो. मला फारच आवडला. दर शुक्रवारी पॉपकॉर्न घेऊन मी समोर बसायचो, आणि टीव्ही आता अगदी नजरेच्या रेषेत होता.

मंगळवारी हॉल भरला. इतकी माणसं आमच्या हॉलमध्ये एरवी फक्त फुकट फ्लूची लस असली की येतात. मागच्या रांगेत मला निमकरकाकू दिसल्या आणि बरं वाटलं. काकू पंचाहत्तरीला आलेल्या. सांगलीला पोस्टात नोकरी केली, यजमान गेल्यावर इथे मुलाकडे राहायला आल्या. वर्ष-दीड वर्ष त्या रोज लायब्ररीत यायच्या आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायच्या. मी जाता-येता "काय काकू, बरंय ना?" म्हणायचो. घरी मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, म्हणून ऊब घ्यायला येत असतील अशी माझी समजूत. एकदा कर्तव्यबुद्धीने मी त्यांना म्हणालोही होतो, "काकू, मराठी पुस्तकं त्या तिकडच्या कपाटात आहेत हं."

"माहितीये," त्या म्हणाल्या होत्या. "ती झाली वाचून."

त्या हातात काय धरून बसल्यात ते मी कधी वाकून बघितलं नाही. शरद ऋतू लागला तशा त्या दिसेनाशा झाल्या. मला वाटलं, भारतात गेल्या असतील.

तर, मी माइक घेतला आणि सुरू झालो. मालिका प्रभावी आहे, पण कादंबऱ्यांमध्ये जी खोली आहे ती पडद्यावर येत नाही. (हेही कुठेही चालतं.) उदाहरणार्थ, एडाचा मृत्यू. मालिकेत तो घाईत उरकला आहे. कादंबऱ्यांत मात्र ते दुःख सावकाश, पानापानांतून झिरपत जातं आणि आठही पुस्तकांवर त्याची सावली...

"एक्स्क्यूज मी," मागून आवाज आला. निमकरकाकू उभ्या राहिल्या होत्या. अंगावर साडी, त्यावर सुनेचं जाडं जॅकेट. "वाइफ इज नॉट डेड."

हॉल वळून त्यांच्याकडे बघायला लागला.

मी मराठीत, हसतमुखाने म्हणालो, "काकू, मालिकेच्या पहिल्याच भागात..."

"मी मालिका बघत नाही," काकू मराठीतच म्हणाल्या, आणि लगेच लोकांकडे वळून त्यांच्या खणखणीत पोस्टातल्या इंग्रजीत पुढे बोलल्या, "इन बुक शी इज अलाइव्ह. शी मेक्स पिकल."

पुढची वीस मिनिटं काकू बोलल्या. बार्बराने मध्येच उठून माइक माझ्या हातातून काढून घेतला आणि त्यांना नेऊन दिला. त्यांचं इंग्रजी थांबत थांबत यायचं, पण एकही शब्द वाया जात नव्हता. त्यांनी सांगितलं ते असं. कादंबऱ्यांतला प्लक लठ्ठ आहे, त्याचे गुडघे दुखतात, आणि तो आयुष्यात एकदाही कोणाच्या मागे धावलेला नाही. तो लोकांच्या घरी जातो, बसतो, ऐकतो. संध्याकाळी घरी येतो. एडा काकड्यांचं लोणचं घालत असते किंवा मासे साफ करत असते. तो तिला सगळं सांगतो. ती तिसराच काहीतरी साधा प्रश्न विचारते. शोकातल्या घरात पडदे कोणी धुतले? नावाड्याच्या घरी पाव दोन का आले? तिथेच गाठ सुटते. प्लकला ते कळायला पुढची शंभर पानं लागतात, वाचणाऱ्याला लागत नाहीत.

"टीव्ही पीपल किल द वाइफ," काकू म्हणाल्या, "बिकॉज देन ही इज सॅड, अँड सॅड इज ईझी. टू शो टू पीपल टॉकिंग इन किचन इज डिफिकल्ट."

मी सोळा वर्षं पुस्तकांच्या धंद्यात काढली, पण पडदा आणि पुस्तक यांच्यातला फरक इतक्या कमी शब्दांत सांगितलेला मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेला नाही. दुःखी माणूस कॅमेऱ्याला दिसतो. बायकोचं ऐकणारा माणूस दिसायला पानं लागतात.

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, शुक्रवारचा शेवटचा भाग सातव्या कादंबरीवर आहे म्हणतात. त्यात खून कोणी केला?"

"आय डोन्ट नो," काकू म्हणाल्या. "फॉर्टी पेजेस वेअर लेफ्ट. देन बुक वॉज गॉन."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. बार्बराने चष्मा काढला.

चर्चा संपल्यावर मी काकूंना दारापाशी गाठलं. त्या सुनेच्या गाडीची वाट बघत होत्या.

"काकू, तुम्ही ती पुस्तकं वाचत होतात? पण कॉम्प्युटर तर म्हणतो कोणी नेलीच नाहीत."

"नेली कुठे? इथेच बसून वाचायचे. कार्डाला पत्त्याचा पुरावा लागतो ना, लाइटबिल वगैरे? सगळं मुलाच्या नावावर. त्याच्याकडे कशाला मागत बसायचं? तो म्हणणार, आई, मी तुला ऑनलाइन विकत घेऊन देतो." त्यांनी गाडीसाठी बाहेर बघितलं. "मग मला घराबाहेर पडायला कारणच उरलं नसतं."

"आणि वाचून झाल्यावर..."

"जिथून काढलं तिथे नेऊन ठेवायचे. तेवढी शिस्त आहे मला."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लायब्ररीत बसून वाचलेलं पुस्तक वाचकाने स्वतः कपाटात ठेवायचं नसतं. जवळच्या ढकलगाडीवर ठेवायचं असतं. आम्ही ते स्कॅन करून जागेवर लावतो आणि कॉम्प्युटरला कळतं की हे पुस्तक कोणीतरी वाचतंय. तशी पाटी प्रत्येक कपाटावर असते. रहस्यकथांच्या कपाटावरची पाटी मी तीन हॅलोविनपूर्वी काढली होती, भुताखेतांच्या त्या सणासाठी तिथे प्लास्टिकचं कोळिष्टक लावायला. जाळं उतरवलं. पाटी लावायची राहिली.

काकूंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाटी असती तर ठेवलं असतं की गाडीवर. मला इंग्रजी वाचता येतं, दामले."

"पुस्तकं गेल्यावर विचारलं का नाहीत?"

"आठच्या आठ गेली म्हणजे कोणीतरी आवडीने नेली असतील, म्हटलं. आणेल परत. दर सोमवारी येऊन बघून जायचे." सोमवारी माझी सुट्टी असायची. "मग थंडी वाढली. आता शुक्रवारी सगळी घरात मालिका बघणार, आणि पोरं शेवट ओरडून सांगणार. गेले दोन महिने शुक्रवार आला की मी स्वयंपाकघरात दार लावून बसते. दीड वर्ष वाचलंय हो मी. शेवट त्या टीव्हीकडून नको मला." मग त्यांनी जॅकेटची चेन लावली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "दामले, सापडेल का हो शुक्रवारपर्यंत?"

मी "बघतो" म्हणालो. सातवं पुस्तक कुठे आहे ते मला चांगलंच माहीत होतं. शपथेवर सांगतो, त्या क्षणापर्यंत त्या दोन पुस्तकांचा आणि या मालिकेचा काही संबंध आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या लेखी ती दोन पुस्तकं कधीच टीव्हीचे पाय होऊन गेली होती.

घरी आल्या आल्या बूटही न काढता मी टीव्ही एका बाजूने उचलला.

"काय करतोयस?" नीला म्हणाली.

"खालचं पुस्तक काढ. आधी ते. सांगतो."

पुस्तक काढलं आणि नियमाप्रमाणे, फक्त तीन महिने उशिरा, पानं झटकली. आतून तारखेच्या कॅलेंडरचं एक फाडलेलं पान पडलं. त्यावर बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं:

'होडी कोणाची? पाद्री खोटं बोलतो आहे, पण कोणासाठी? पडदे धुतले = एडा बरोबर. पाद्र्याच्या बहिणीला कोणी काहीच विचारत नाही.'

मी ते दोनदा वाचलं. माझ्या नाकासमोर एक पूर्ण तपास चालला होता, आणि मी तपासाची कागदपत्रं घरी नेऊन त्यांवर टीव्ही उभा केला होता. नीलाने पान वाचलं, टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "दोन्ही घेऊन जा," ती म्हणाली. "माझी मान दुखू दे."

बुधवारी सकाळी काकूंच्या दारात गेलो. हातात दोन पुस्तकं आणि कार्डाचा फॉर्म. पत्त्याच्या पुराव्याला तुमच्या नावाचं एक आलेलं पत्रही चालतं, हे मी कधीही सांगू शकलो असतो. पुस्तकं कुठे सापडली तेही सांगून टाकलं. मी खोटं बोलायचा विचार केला नव्हता असं नाही. केला होता, गाडीतच, आणि दोन बऱ्या थापा तयारही होत्या. पण काकूंनी मला बसायला सांगितलं, चहा ठेवला, आणि ते कॅलेंडरचं पान पुस्तकात बरोबर त्याच जागी घालून ठेवलं. ते बघितल्यावर थापा घशातच राहिल्या.

काकू रागावल्या नाहीत. पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर टीव्हीच्या पायाचा गोल खळगा पडला होता, त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला आणि विचारलं, "किती इंची आहे?"

शुक्रवारी मालिकेचा शेवटचा भाग सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी माझा फोन वाजला. "दामले, वाचून झालं! आज मी सगळ्यांबरोबर बसतेय बघायला. पोरांना आधीच सांगून ठेवलंय, पाद्र्याची बहीण. पैज मारलीये." तासाभराने परत फोन. आवाज एवढा की नीलालाही ऐकू गेला. "त्यांनी खुनी बदलला! तो देखणा हवालदार केला! होडीतून पाठलाग काय, गोळीबार काय!" मागून नातवाचा आवाज, "आजी, यू लॉस्ट!" आणि काकू, "आय डिड नॉट लॉस्ट! टीव्ही लॉस्ट!"

त्यांचा आवाज जरा खाली आल्यावर मी म्हणालो, "काकू, पण बहीणच का? तुम्ही पहिल्यापासून ओळखलं होतं."

"अहो, सगळ्या पुस्तकभर ती चर्चच्या कोपऱ्यात विणत बसलेली असते. येणारा-जाणारा तिला बरंय ना म्हणतो आणि पुढे जातो. कोपऱ्यात बसलेल्या बाईच्या हातात काय आहे ते कोणी बघत नाही, दामले." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तर नाहीच नाही."

पुढे ती चर्चा दर महिन्याला होऊ लागली. काकूंनी चालवली. एक मालिका आणि तिच्यामागची कादंबरी, आणि नियम एकच: ज्याने पुस्तक वाचलं नसेल त्याने शेवटी बोलायचं. हा नियम कोणाला समोर ठेवून केला ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी पाटी परत लावली. यादी हातात आली की आधी खुर्च्यांकडे बघायला लागलो, मग कपाटाकडे. आणि पन्नाशी उलटून गेल्यावर पुन्हा पुस्तकं वाचायला लागलो, अख्खी, मागच्या कव्हरपर्यंत. पहिलं वाचलं ते सातवं. शेवटाकडे जाताना ते जराही सैल होत नाही.

विकली गेलेली सहा पुस्तकं मात्र परत मिळाली नाहीत. ती रुखरुख आहे. पण एरवी त्या नोकरीने मला जे दिलं त्याची बरोबरी दुसरी कुठली नोकरी करू शकली नसती. मी चुका करूनही माणसांनी मला घरात घेतलं, चहा दिला. बार्बराने त्या प्रकरणाबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. नुसता चष्मा पुसला.

मागच्या जूनमध्ये निरोपाचा छोटा समारंभ झाला. मालिकेमुळे कादंबऱ्यांची नवी आवृत्ती निघाली होती. बार्बराने प्लकचा आठही पुस्तकांचा संच खोक्यात बांधून मला भेट दिला. टाळ्या झाल्या. मला खरंच भरून आलं आणि मी चार शब्द बोलायला उभा राहिलो. तेवढ्यात पहिल्या रांगेतून निमकरकाकू शेजारी बसलेल्या नीलाला म्हणाल्या, हळू बोलल्या असं त्यांना वाटलं असावं, पण पोस्टातला आवाज सगळ्या हॉलला गेला:

"आठ कशाला दिली गं याला? टीव्हीला पाय दोनच आहेत ना?"